महासंगणकावर काम लवकर लागायला हवं? वेळ मोजून मागा

पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म हा महासंगणक आहे, इतर संस्थांतही महासंगणक आले आहेत. त्यावर आता जीवशास्त्र, रसायन, हवामान अशा विषयांतले संशोधकही गणितं चालवतात. काम लावताना किती वेळ आणि मेमरी हवी ते एका स्क्रिप्टमध्ये, म्हणजे सूचनांच्या छोट्या फाइलमध्ये, लिहून मागावं लागतं. त्यांतले बरेच जण सहकाऱ्याची जुनी स्क्रिप्ट तशीच उचलतात. तिच्यात ७२ तास लिहिलेले असतात, काम मात्र चार तासांचं. मग ते रांगेत ताटकळतं.

स्लर्मसारखा शेड्यूलर, म्हणजे कामांची रांग लावणारा प्रोग्राम, मोठ्या कामासाठी नोड (महासंगणकातले एकेक संगणक) राखून ठेवतो, आणि तोवर रिकाम्या असलेल्या वेळेत छोटी कामं बसवतो. याला बॅकफिल म्हणतात. तुमचा आकडा फुगवलेला असेल तर त्या फटीत तुम्ही मावत नाही.

म्हणून आधी डेटाचा छोटा तुकडा घेऊन एक चाचणी चालवा. संपल्यावर 'एसअ‍ॅक्ट' (sacct) कमांडने लागलेला वेळ आणि जास्तीत जास्त मेमरी पाहा. पूर्ण डेटाचा अंदाज बांधून त्यावर पंचवीस-तीस टक्के जास्त मागा. अगदी काटेकोर मागू नका, कारण मुदत संपली की काम मध्येच मारलं जातं. डेटा दुप्पट झाला म्हणजे वेळही दुप्पटच लागेल असं नाही, तेव्हा दोन-तीन आकारांवर चाचणी घेतलेली बरी.

चाचणीसुद्धा लॉगिन नोडवर, म्हणजे आपण आधी जिथे शिरतो त्या संगणकावर, चालवू नका, तिथे सगळ्यांची ये-जा असते. आणि एकच प्रोग्राम शंभर नमुन्यांवर चालवायचा असेल, तर शंभर स्क्रिप्टऐवजी एकाच स्क्रिप्टमधून सगळी कामं लावणारा जॉब अ‍ॅरे वापरा. हे शिकायला तासभर पुरतो, आणि नवीन विद्यार्थ्याला ते शेजारी बसून दाखवावं असं मला मनापासून वाटतं.