संक्रमण धातूंचे संयुजा इलेक्ट्रॉन कसे मोजावेत?

संयुजा इलेक्ट्रॉन म्हणजे बंध तयार करताना उपयोगी पडणारे इलेक्ट्रॉन: सोडिअमचा १, ऑक्सिजनचे ६, क्लोरीनचे ७. सर्वांत बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन मोजायचे, की झालं. हीच सवय लोहाला लावली की मात्र गाडी अडते. लोहाच्या चौथ्या कवचात इलेक्ट्रॉन आहेत २, आणि फेरिक आयन (Fe³⁺) बनताना ते देतं ३. मग तिसरा आला कुठून?

तो आतल्या ३डी मधून आला (आकडा कवचाचा, एस आणि डी ही त्यातली उपकवचं). ३डी आणि ४एस यांच्या ऊर्जेत फारसं अंतर नसतं, म्हणून बंध तयार करताना दोन्हीकडचे इलेक्ट्रॉन उपयोगी पडतात. लोहासारख्या संक्रमण धातूंत मोजायचे ते डी आणि एस मिळून.

आधी आवर्तसारणीतला गण बघा. ३ ते ११ या गणांत गणाचा क्रमांक हेच उत्तर: टायटॅनिअम ४, मँगनीज ७, लोह ८.

मग संरूपण, म्हणजे कोणत्या उपकवचात किती इलेक्ट्रॉन, ते मांडून पडताळा करा. लोहाचा अणुअंक २६; त्यातून आर्गॉनचे १८ वजा केले की उरतात ८. त्यांतले ४एस मध्ये २, ३डी मध्ये ६. क्रोमिअम आणि तांब्याच्या अपवादांची अनेकांना धास्ती असते, पण इथे ते आड येत नाहीत. क्रोमिअममध्ये ५ आणि १, तांब्यात १० आणि १. वाटणी बदलली तरी बेरीज ६ आणि ११ च राहते. सहाव्या आवर्तात हाफ्निअमपासून पुढे ४एफ चे १४ वजा करायला विसरू नका: टंगस्टन ७४, वजा झेनॉनचे ५४, वजा १४, उरले ६.

आता आयन. सर्वाधिक गुण इथेच जातात, म्हणून जरा थांबा. भरताना ४एस आधी भरतं, आणि रिकामंही तेच आधी होतं. फेरिक आयनासाठी ८ मधून ३ गेले: ४एस चे दोन्ही आणि ३डी मधला एक. उरले ३डी मध्ये ५, पाचही अयुग्मित, म्हणजे जोडीविना एकटे. चुकून ३डी मधूनच तिन्ही काढले, तर अयुग्मित ३ दिसतात आणि त्यांच्यावरून काढलेलं चुंबकीय आघूर्ण ५.९२ ऐवजी ३.८७ बोर मॅग्नेटॉन येतं. एका चुकीने दोन प्रश्न जातात.

म्हणून सूत्र: गण वजा ऑक्सिडीकरण अवस्था (संयुगात त्या अणूवर धरलेला प्रभार) म्हणजे डी इलेक्ट्रॉन. पोटॅशिअम फेरोसायनाइडमध्ये चार पोटॅशिअमचे +४, सहा सायनाइडचे −६, म्हणून लोह +२, आणि ८ − २ = ६. परमँगनेटमध्ये मँगनीज +७, म्हणजे डी मध्ये शून्य.

जस्त वेगळं ठेवा. त्याचं ३डी पूर्ण भरलेलं असतं आणि बंधात सहसा भाग घेत नाही, म्हणून १२ व्या गणात असूनही त्याचे संयुजा इलेक्ट्रॉन २ धरतात. आणि संयुजा इलेक्ट्रॉन जितके तितकी ऑक्सिडीकरण अवस्था, असंही समजू नका. तांब्याचे ११, पण ते बहुधा +१ किंवा +२ वरच थांबतं.

सरावाला हे तीन घ्या: निकेल +२, कोबाल्ट +३, टायटॅनिअम +४. डी मध्ये अनुक्रमे ८, ६ आणि ० यायला हवेत.