मोठ्या आयटी कंपनीतील चार वर्षे : नागपूरच्या नवोदितांसाठी

२०१९ च्या जुलैमध्ये मी नागपूरच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रातील एका मोठ्या आयटी कंपनीत रुजू झालो, तेव्हा शहराच्या महाल भागातल्या आमच्या घरी पेढे वाटले होते. चार वर्षांनी ती नोकरी सोडून मी परसोडीच्या आयटी पार्कमधील एका लहान कंपनीत आलो. कॅम्पसमधून निवड झालेली मुले आता मला ‘कंपनी कशी आहे?’ असे विचारतात. हजारो माणसांच्या कंपनीत तुमचे दिवस कसे जातील, हे तिच्या नावापेक्षा वाट्याला आलेला प्रोजेक्ट आणि त्याचा मॅनेजर यांवरच अधिक ठरते, असे मी त्यांना सांगतो.

आधी पगाराविषयी. माझे पॅकेज वर्षाला ३,३०,००० रुपयांचे होते, म्हणून बाबांनी महिन्याचे २७,५०० धरले होते. प्रत्यक्षात हाती सुमारे २१,००० आले. पहिली पगारपावती आम्ही जेवणाच्या टेबलावर पसरून ओळीने वाचली. मूळ वेतनाच्या १२ टक्के भविष्यनिर्वाह निधी माझ्याकडून कापला होता, कंपनीचा तेवढाच वाटाही पॅकेजमध्येच मोजलेला होता, आणि कामगिरीनुसार कमीजास्त होणारा व्हेरिएबल पे व नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटीही त्यातच धरलेली होती. निधीचे पैसे आपलेच असतात, ते बुडत नाहीत. पण ग्रॅच्युइटीसाठी नियमित कर्मचाऱ्याची साधारणपणे सलग पाच वर्षे सेवा व्हावी लागते, त्यामुळे चार वर्षांनी बाहेर पडताना ती रक्कम मला मिळाली नाही. ऑफर लेटर हाती येताच दरमहा हाती येणारी रक्कम लेखी विचारून घ्यावी.

मोठ्या कंपनीने मला जे दिले ते मी मनापासून मानतो. सुरुवातीच्या प्रशिक्षणात पगार घेत शिकता आले, आईबाबांना गटविम्याचे संरक्षण मिळाले, आणि मुख्य म्हणजे कामाला शिस्त लागली. माझा पहिला कोड तपासताना एका वरिष्ठ सहकारी ताईंनी स्क्रीनवरच्या एका ओळीवर बोट ठेवून विचारले, “हे चालते आहे, पण दोन वर्षांनी दुसरा कोणी वाचेल तेव्हा ही अट का घातली हे त्याला कळेल का?” मी ती ओळ आणि तिच्यावरची टीप तीनदा लिहिली. लाइव्ह, म्हणजे प्रत्यक्ष वापरात असलेल्या प्रणालीत बदल करण्यापूर्वी बॅकअप घेणे, बदल फसल्यास मागे कसे यायचे हे आधीच लिहून ठेवणे, या सवयी तेथेच लागल्या. लहान कंपनीत घाईच्या दिवसांत त्या शिकवायला कोणाला सवड नसते.

मात्र प्रशिक्षण संपल्यावर मी जवळजवळ दोन महिने बेंचवर, म्हणजे पगार चालू पण प्रोजेक्ट नाही अशा स्थितीत होतो. रोज खापरीपर्यंत मेट्रोने जायचे, पंच करायचे आणि मेलची वाट पाहायची, याने मनावर जो ताण येतो तो घरच्यांना समजावून सांगता येत नाही. शिकलो होतो जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा. मिळाला सपोर्ट प्रोजेक्ट, ज्यात रात्रपाळीत तिकिटे, म्हणजे वापरकर्त्यांच्या नोंदवलेल्या तक्रारी यायच्या आणि ठरलेल्या वेळेत ती बंद करायची. सपोर्टचे काम हलके नाही, त्यातून प्रणाली आतून कळते. पण दीड वर्ष कोड न लिहिल्याने मुलाखतीत साधे प्रश्न अडू लागले. मी मॅनेजरना तोंडी अनेकदा सांगितले आणि प्रत्येक वेळी ‘पुढच्या तिमाहीत बघू’ हेच ऐकले. शेवटी अंतर्गत जागांच्या पोर्टलवर रीतसर अर्ज केला, तेव्हा तीन महिन्यांत डेव्हलपमेंटचा प्रोजेक्ट मिळाला. ही वाट मोठ्या कंपनीतच असते, आणि मी ती वर्षभर उशिरा धरली याची मला आजही हळहळ वाटते.

नोटीस पीरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर काम करत राहण्याचा काळ, ९० दिवसांचा होता आणि मला घेऊ पाहणाऱ्या कंपन्यांना माणूस ३० दिवसांत हवा होता, त्यामुळे दोन चांगल्या संधी हातच्या गेल्या. हे कलम, ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या सेवा कराराची मुदत आणि तो मोडल्यास भरावी लागणारी रक्कम नियुक्तिपत्रासोबतच्या कागदांत दिलेली असते. सही करण्यापूर्वी ती पाने घरी शांतपणे वाचावीत, आणि जे कळले नाही ते एचआरला मेलवर विचारून उत्तर जपून ठेवावे.