कॅमेरा घ्यायच्या आधी गुरू किती पिक्सेलचा येणार ते बघा

ग्रहांच्या फोटोंसाठी कॅमेरा शोधताना मेगापिक्सेलच्या आकड्याकडे साफ दुर्लक्ष करा. गुरू अगदी ऐन भरात असतो तेव्हाही त्याचं बिंब ४५ ते ५० आर्कसेकंदांचंच (आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३६००वा भाग) असतं. शनीचं वीसच्या आसपास. मंगळ तर वर्षातला बराच काळ दहाच्याही खाली.

म्हणून दुकानाची पानं उघडण्याआधी एक गणित करा. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला २०६ने गुणा आणि दुर्बिणीच्या मिलिमीटरमधल्या नाभीय अंतराने (फोकल लेंथने) भागा. एका पिक्सेलमध्ये किती आर्कसेकंद मावतात ते कळतं. माझी दुर्बीण ६ इंची न्यूटोनियन (आरशाची), नाभीय अंतर १२०० मिमी. दुप्पट बार्लो (नाभीय अंतर वाढवणारं भिंग) लावला की २४००. कॅमेऱ्याचा पिक्सेल २.९ मायक्रॉनचा. उत्तर येतं पाव आर्कसेकंद, म्हणजे ४५ आर्कसेकंदांचा गुरू १८० पिक्सेलचा. सेन्सर १९२० पिक्सेल रुंद आहे. उरलेल्या जागेत नुसता काळोख. मोठ्या सेन्सरला पैसे मोजणं म्हणजे तो काळोख विकत घेणं. (चंद्राचे मोठे तुकडे टिपायचे असतील तर गोष्ट वेगळी.)

आता पिक्सेल आणि दुर्बीण यांची जोडी. पिक्सेलच्या मायक्रॉनला पाचने गुणा, साधारण तेवढा एफ रेशो (नाभीय अंतर भागिले दुर्बिणीचा व्यास) हवा. २.९ला एफ/१४.५ येतो, माझी एफ/८ दुप्पट बार्लोने एफ/१६ होते, झालं काम. एफ/५च्या दुर्बिणीला याच पिक्सेलसाठी तिप्पट बार्लो लागेल. एफ/१०ची श्मिट-कॅसेग्रेन (आरसे आणि भिंग दोन्ही असलेली दुर्बीण) असेल तर आयएमएक्स ६७८ सारखा २ मायक्रॉनचा सेन्सर बार्लोशिवायच जुळतो. हवा वारंवार उकळत असेल, म्हणजे चित्र थरथरत असेल, तर पाचऐवजी साडेतीन-चारने गुणलं तरी चालतं. बार्लो नसेल तर त्याची किंमत कॅमेऱ्याच्याच हिशेबात धरा, नाहीतर स्वस्तातला कॅमेरा स्वस्त राहत नाही.

खरा पैसा वेगावर घालवा. आपण फोटो काढत नाही, व्हिडिओ काढतो आणि हवा क्षणभर स्थिरावली तेव्हाच्या फ्रेम निवडून ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचतो. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे ६ इंची दुर्बिणीतून दोनेक मिनिटांच्या पुढे गेलं की तपशील पुसट व्हायला लागतात. त्या दोन मिनिटांत सेकंदाला १५ फ्रेम देणारा कॅमेरा १,८०० फ्रेम देतो, १०० देणारा १२,०००. त्यातल्या चांगल्या २० टक्के घेतल्या तर एकीकडे ३६०, दुसरीकडे २,४००. रचलेल्या फ्रेमच्या वर्गमुळाच्या प्रमाणात खरखर कमी होते, आणि खरखर कमी असेल तरच पुढे चित्र धारदार करता येतं.

पण जाहिरातीतल्या २०० फ्रेमला भुलू नका. एक्स्पोजर १० मिलिसेकंदांचं असेल तर सेकंदाला १००च्या वर फ्रेम निघूच शकत नाहीत. विचारायचं ते हे: ग्रहाभोवतीचा ६४० × ४८० चा तुकडा तेवढाच कापून नोंदवता येतो का, आणि त्यात वेग किती? अशा १०० फ्रेम ८ बिटमध्ये सेकंदाला सुमारे ३० एमबी होतात. यूएसबी २ची इथे दमछाक होते. यूएसबी ३ घ्या, आणि नोंद एसएसडीवर करा.

रंगीत की मोनो (कृष्णधवल)? पहिला कॅमेरा रंगीतच. मोनोत लाल, हिरवा, निळा वेगवेगळे टिपावे लागतात, म्हणून त्यामागून फिल्टर आणि ते बदलणारं फिल्टर व्हील येतात, वर गुरू फिरायच्या आत तिन्ही रंग उरकायची घाई. रंगीतला यूव्ही-आयआर कट फिल्टर (अतिनील आणि अवरक्त प्रकाश अडवणारा) मात्र हवाच. बऱ्याच कॅमेऱ्यांची पुढची काच साधी असते आणि अवरक्त प्रकाश आत शिरून रंग बिघडवतो. आयएमएक्स ४६२ या सेन्सरची यात एक गंमत आहे: ८५० नॅनोमीटरच्या पुढे त्याचे लाल, हिरवे, निळे पिक्सेल जवळजवळ सारखेच पाहतात, म्हणून आयआर पास (फक्त अवरक्त प्रकाश आत सोडणारा) फिल्टर लावला की तो मोनोसारखा वागतो. मंगळासाठी आणि खराब हवेत हे कामाला येतं. कूलिंगवाला कॅमेरा नको. तो तेजोमेघांच्या लांबलचक एक्स्पोजरसाठी. मिलिसेकंदांच्या खेळात त्याचा उपयोग नाही.

घरात डीएसएलआर पडून असेल तर आधी तोच लावून बघा. त्याचा नेहमीचा फुल एचडी व्हिडिओ सहसा अख्ख्या सेन्सरचं चित्र आकसवतो, ग्रह मोहरीएवढा होतो. कॅननच्या बऱ्याच मॉडेलमध्ये लाइव्ह व्ह्यू पाचपट करून तो संगणकावर नोंदवला की पिक्सेल जवळपास जसेच्या तसे मिळतात.

जुना कॅमेरा घ्यायला माझी हरकत नाही. एएसआय १२० एमसी-एस सारखा, ३.७५ मायक्रॉनचा आणि यूएसबी ३चा, आजही उत्तम सुरुवात आहे. फक्त नावातला शेवटचा ‘एस’ बघून घ्या, त्याविनाचं मॉडेल यूएसबी २चं. हातात आल्यावर शार्पकॅप या चित्रीकरणाच्या सॉफ्टवेअरमध्ये पाच मिनिटं पूर्ण वेगाने चालवा आणि ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’चा (वाटेत गळालेल्या फ्रेमचा) आकडा बघत राहा. तो वाढत असेल तर केबल जोडणीपाशी हलकेच हलवा. चित्र तुटलं तर सॉकेट सैल आहे. मग दुर्बीण न लावता पांढऱ्या भिंतीकडे धरा. डाग दिसला तर ब्लोअरने हवा मारा. हलला तर धूळ, जागचा हलला नाही तर किंमत पाडून मागा.