धनुष्यावर अजगराची कातडी : या चुका टाळा

अमेरिकेत हाताने लाकडी धनुष्य घडवणाऱ्यांमध्ये धनुष्याच्या पाठीवर (म्हणजे नेमबाजापासून दूरच्या बाजूवर) सापाची कातडी चिकटवण्याची हौस जुनी आहे. पूर्वी बहुतेक रॅटलस्नेक या विषारी सापाचीच कातडी वापरत. आता फ्लोरिडातल्या बर्मी अजगराचीही मिळते. एव्हरग्लेड्सच्या दलदलीत माजलेला हा परका साप मारायला तिथे प्रोत्साहन आहे, स्पर्धाही होतात. 2023 मध्ये पकडलेली एक मादी 19 फूट भरली होती. एवढी कातडी हाती आली की कुणालाही मोह होणारच.

पहिली चूक लाकडाशीच होते. कातडी लावली की धनुष्य मजबूत होतं, हा समज सोडा. रॉहाइड (न कमावलेलं कच्चं चामडं) किंवा कंडरांचा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट तंतूंचा) थर पाठीला खरोखर आधार देतो. सापाची कातडी वाळल्यावर इतकी पातळ असते की तिच्या जोरावर चिरलेलं लाकूड वाचत नाही, उलट चीर झाकली जाते आणि ती वाढतेय हे कळतच नाही. कंडरांच्या धनुष्यांवर अमेरिकेतल्या काही आदिवासी जमाती सापाची कातडी चढवत, तीही शोभेबरोबर कंडरांना ओलीपासून जपायला. तेव्हा टिलरिंग (दोन्ही बाजू सारख्या वाकेपर्यंत लाकूड तासणं) पूर्ण झाल्यावर, भरपूर बाण सोडून धनुष्य बसलंय याची खात्री झाल्यावरच कातडी चिकटवायला घ्या. ती चिकटवल्यावर पाठ तासायची सोय उरत नाही.

दुसरी चूक आकाराची. धनुष्याचं पातं (मुठीच्या वरचा किंवा खालचा वाकणारा भाग) जेमतेम दीड-पावणेदोन इंच रुंद, टोकाकडे त्याहून अरुंद. मोठ्या अजगराचे डाग त्यात मावतच नाहीत, एकेका डागाचा तुकडा दिसतो आणि नक्षी हरवते. शिवाय जाड कातडी आणि गोंद यांचं वजन टोकाला बसलं की बाणाचा वेग मारला जातो. माझं मत विचाराल तर लहान अजगराची कातडी नेहमी सरस. मोठीच असेल तर मधोमध पट्टा न कापता आधी कागदाचा साचा कातडीवर सरकवून बघा, कडेच्या भागात बारीक नक्षी सापडते. मोठ्या कातडीचा एकच फायदा खरा : दोन्ही पात्यांचे पट्टे शेजारून निघतात, त्यामुळे रंग जुळतात. पोटाकडचे रुंद खवले मात्र वगळा. शेपटीकडची बाजू धनुष्याच्या टोकाकडे ठेवा, म्हणजे मुठीपासून टोकाकडे हात फिरवताना खवले अडत नाहीत.

आता खरा घोळ : चरबी. कडा सुटणं, फुगे येणं, महिन्याभराने वास येणं, यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ मांसाच्या बाजूला राहिलेल्या चरबीत असतं. बोथट पात्याने ती बाजू नीट खरवडा, भांडी घासायच्या साबणाने धुवा, मगच वाळवा. ग्लिसरिनमध्ये मुरवलेली कातडी मऊसूत आणि छान वाटते, पण गोंदाला तीच सगळ्यात जास्त त्रास देते, म्हणून ती पुन:पुन्हा धुवावी लागते. कमावलेल्या चामड्याचंही तसंच, त्यात तेल असतं आणि ते ताणतंही जास्त. या कामाला कच्ची, वाळवलेली कातडीच बरी. लाकडाची पाठही अॅसिटोनने पुसा आणि नंतर बोट लावू नका.

कातडी भिजवायला कोमट पाणी पुरे. गरम पाण्यात ती आकसते आणि वाया जाते. ओली कातडी लांबीला ताणून बसवण्याचा मोह होतो, तोही आवरा. वाळताना ती परत आखडते आणि कडा आत ओढल्या जातात. दोन्ही बाजूंना सेंटीमीटरभर जादा ठेवा आणि वाळल्यावर कानशीने तिरकी घासून काढा.

गोंदासाठी टाइटबाँड ३ हा लाकडाचा गोंद चालतो, पण थंडीत गॅरेजमध्ये हे काम करू नका. साधारण 8 अंश सेल्सिअसखाली तो धड धरत नाही, खडूसारखा पांढरा पडतो. पातळ, सलग थर द्या आणि अंगठ्याने मधून कडेकडे दाबत हवा काढा. कापडी पट्टी करकचून गुंडाळली तर तिचा ठसा कातडीवर कायमचा राहतो. पाणी लाकडातही मुरलेलं असतं, म्हणून काही दिवस तरी धनुष्याला दोरी चढवू नका.

वाळल्यावर फुगा दिसला तर बारीक चीर देऊन सिरिंजने गोंद सोडा आणि प्लॅस्टिकचा कागद ठेवून दाबा. सुटलेली कड अॅसिटोनने पुसून सुपरग्लूने बसते. खवल्यांची पारदर्शक टोपणं सुटायला लागली तर चिकटपट्टीने सगळीच काढून टाका. नक्षी खालच्या कातडीत असते, ती जात नाही. टोपणं तशीच ठेवून वर पॉलियुरेथेन (पारदर्शक वॉर्निश) मारलं तर तीच पुढे फिनिश उचलतात. फिनिशचे तीन-चार पातळ हात एका जाड हातापेक्षा चांगले.

कायद्याचं थोडं, कारण कॅलिफोर्नियात राहणारे मराठी हौशी कमी नाहीत : त्या राज्यात अजगराच्या वस्तूंच्या विक्रीवर बंदी आहे. फ्लोरिडात सहज मिळालेली कातडी बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात) विकायला काढली की भानगड होते. देशाबाहेर न्यायची तर साइट्सचा (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) परवाना लागू शकतो, धनुष्यावर चिकटवलेली असली तरी. भारतात अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, त्यामुळे शेतात मेलेला सापडला तरी कातडीला हात न लावता वनखात्याला कळवा. आणि रॅटलस्नेक सोलणाऱ्यांसाठी : कापलेलं मुंडकंसुद्धा कितीतरी वेळ चावू शकतं. ते आधी खोल पुरा, मग सुरी उचला.