मधल्या जोडातून उजेड येत होता

सांगलीत घरीच पहिली गिटार करतोय. वरच्या पाटीच्या स्प्रूस लाकडाच्या दोन फळ्या दोनदा जोडल्या, दोनदा मधोमध केसभर फट. क्लॅम्प आवळून मिटवली, तर ऐन पावसाळ्यात जोड उकलला.

चूक ही, की कडा वेगवेगळ्या रंधत होतो. आता फळ्या पुस्तकासारख्या मिटून एकत्रच रंधा मारला. रंधा कलला तरी उघडल्यावर एकीचा कल दुसरी भरून काढते. कडेतला खोलगटपणा मात्र दुप्पट होतो. तो काचेवर चिकटवलेल्या १२० नंबरच्या पॉलिश पेपरवर घालवला. खिडकीशी धरलं, उजेड नाही! किती बरं वाटलं. लगेच सरस लावून, हलकेच आवळून रात्रभर ठेवलं.

मिरजेत सतारीच्या तबलीला, म्हणजे तिच्या वरच्या पाटीला, जो मान, तोच या पाटीला. आवाज इथूनच फुलतो.