जास्त बूस्टच्या टर्बो गाडीसाठी ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह कसा निवडावा

टर्बो गाडीत अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की पाइपमध्ये अडकलेली दाबाची हवा सोडून देणारी झडप म्हणजे ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह. त्याची स्प्रिंग बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला दाब, बघून निवडायची नसते. गाडी 30 पीएसआयवर चालते, म्हणून दुकानातली सगळ्यात कडक स्प्रिंग घ्यायची, ही या कामातली सर्रास होणारी चूक. अशा गाडीत अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की ‘श्शू’ ऐवजी ‘तु-तु-तु-तु’ असा आवाज येतो. पुष्कळांना तो आवडतोही. पण तो आवाज न सुटलेल्या हवेचा: ती बंद थ्रॉटलवर (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या झडपेवर) आपटून उलटी फिरते आणि कॉम्प्रेसरच्या, म्हणजे टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या भागाच्या, पात्यांवर आदळते. पूर्ण बूस्टवर हे वारंवार झाले तर टर्बोच्या थ्रस्ट बेअरिंगवर ताण येतो, आणि गिअर बदलून पुन्हा पाय दिल्यावर बूस्ट भरायलाही उशीर होतो.

स्प्रिंग बूस्टवर का ठरत नाही, ते आकड्यात पाहू. 50 मिमी व्यासाच्या व्हॉल्व्हच्या तोंडाचे क्षेत्रफळ साधारण 19.6 चौ. सेंमी. 2 बार म्हणजे 29 पीएसआय बूस्टला पाइपमधली हवा त्याला खालून सुमारे 40 किलोच्या जोराने ढकलते. कोणतीही स्प्रिंग एकटी हा जोर पेलत नाही. तो पेलते ती मॅनिफोल्डमधून (थ्रॉटलनंतर हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या भागातून) बारीक होजने, म्हणजे नळीने, व्हॉल्व्हच्या डोक्यावर आणलेली तेवढ्याच दाबाची हवा. वरचे क्षेत्रफळ खालच्याएवढे किंवा थोडे जास्त असते, त्यामुळे बूस्ट कितीही वाढला तरी व्हॉल्व्ह मिटलेला राहतो. थ्रॉटल बंद झाला की वर व्हॅक्यूम आणि खाली बूस्ट, आणि व्हॉल्व्ह उघडतो. स्प्रिंगला झगडायचे असते ते आयडलच्या, म्हणजे पाय न देता इंजिन नुसते चालू असतानाच्या, व्हॅक्यूमशी.

आधी गाडी कोणत्या जातीची ते पाहा

डिझेल गाडीच्या मालकाने इथेच थांबावे. डिझेल इंजिनात पाय काढल्यावर पेट्रोलसारखा थ्रॉटल मिटत नाही, त्यामुळे सोडून द्यायला अडकलेला दाबच नसतो. डिझेलसाठी जे ‘ब्लो-ऑफ किट’ विकतात ते आवाजासाठी.

पेट्रोल गाडीत प्रश्न एकच: ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, हवा कशी मोजतो? एअर फिल्टरनंतर, टर्बोच्या आधी मास एअरफ्लो सेन्सर असेल, तर व्हॉल्व्हने बाहेर सोडलेली हवा आधीच मोजलेली असते. ईसीयू तिच्या हिशेबाने पेट्रोल टाकतो, पण हवा तर गेलेली. मिश्रण श्रीमंत होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होते, सायलेन्सरमधून फटाके वाजतात, काळा धूर येतो आणि सिग्नलला गाडी बंद पडते. मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशनच्या 4 ते 9 या पिढ्या आणि सुबारू डब्ल्यूआरएक्स या अशाच गाड्या. त्यांना रिसर्क्युलेटिंग व्हॉल्व्ह, म्हणजे हवा पुन्हा टर्बोच्या तोंडाशी नेऊन सोडणारा, हाच योग्य. परतीचा पाइप सेन्सर आणि टर्बो यांच्या मधेच जोडायचा; सेन्सरच्या आधी जोडला तर तीच हवा दोनदा मोजली जाते.

ईसीयू मॅनिफोल्डच्या दाबावरून, म्हणजे मॅप सेन्सरवरून हिशेब करत असेल, तर हवा बाहेर सोडली तरी मिश्रण बिघडत नाही. मास एअरफ्लो सेन्सर इंटरकूलरनंतर (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या भागानंतर) बसवला असेल तरी हवा बाहेर सोडता येते. मात्र व्हॉल्व्ह सेन्सरच्या टर्बोकडच्या बाजूला असावा. अर्धी हवा बाहेर, अर्धी परत अशा दोन तोंडांच्या व्हॉल्व्हबद्दल आमचे मत फारसे चांगले नाही. मास एअरफ्लोच्या गाडीत तो अर्धाच प्रश्न सोडवतो.

फोक्सवॅगन-स्कोडाच्या टीएसआय गाड्यांत हा व्हॉल्व्ह बऱ्याचदा थेट टर्बोच्या घरावर (बाहेरच्या आवरणावर) असतो आणि विजेवर चालतो. जुन्या 2.0 टीएफएसआयच्या व्हॉल्व्हमधला रबरी पडदा फाटायचा. पुढे कंपनीनेच पिस्टनचा व्हॉल्व्ह आणला. अशा गाडीत सगळे उपटून नवा व्हॉल्व्ह लावण्यापेक्षा मूळ सोलेनॉइड (विजेवर चालणारा चुंबकी भाग) ठेवून आतला भाग धातूच्या पिस्टनचा करणारे किट जास्त शहाणपणाचे.

पिस्टन की पडदा, आणि केवढा

पडद्याचा व्हॉल्व्ह हलका उघडतो, गळत नाही, तेल-ग्रीस मागत नाही. पण साधा रबरी पडदा उष्णता आणि तेलाच्या वाफेने कडक होऊन फाटतो. जास्त बूस्टसाठी कापडाने मजबूत केलेला पडदा लागतो. पिस्टन फाटत नाही, पण धूळ आणि सुकलेल्या तेलाने अडकतो. मूळ प्लॅस्टिकच्या घराचा व्हॉल्व्ह असेल तर बूस्ट वाढवण्याआधीच तो बदलावा.

एका टर्बोच्या बहुतेक गाड्यांना 50 मिमी पुरतो. फार मोठ्या टर्बोला तो अपुरा वाटला तर कडक-मऊ स्प्रिंगचे खेळ न करता दुसरा व्हॉल्व्ह जोडतात. टियाल आणि एचकेएस या कंपन्यांच्या व्हॉल्व्हच्या नकला बाजारात ढिगाने आहेत. त्यांच्या पिस्टनचा पृष्ठभाग खरबरीत असतो, तो घरात तिरका अडकतो, आणि अस्सल फ्लँजवर (पाइपवरच्या बैठकीवर) व्हॉल्व्ह नीट बसतही नाही. त्यापेक्षा चांगल्या अवस्थेतला अस्सल सेकंडहँड घ्या.

स्प्रिंग निवडणे

इंजिन पूर्ण गरम, एसी बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. थ्रॉटलनंतरच्या मॅनिफोल्डवर गेज लावून व्हॅक्यूम वाचा. मूळ कॅमशाफ्टच्या निरोगी इंजिनात समुद्रसपाटीला तो 18 ते 20 इंच पारा दिसतो; आक्रमक कॅम (इंजिनचे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा) असेल तर 10 ते 13 सुद्धा. व्हॉल्व्हच्या कंपनीचा तक्ता या आकड्यावरच स्प्रिंग सांगतो. तक्ता नसेल तर मऊ स्प्रिंगपासून सुरुवात करून, आयडलला व्हॉल्व्ह जेमतेम मिटलेला राहील अशी पहिली स्प्रिंग ठेवा.

आयडलला किंचित उघडा राहिला तर? रिसर्क्युलेटिंग असेल तर बिघडत नाही. बाहेर सोडणारा असेल तर आपल्या रस्त्यांची धूळ फिल्टरला वळसा घालून आत जाते.

उंचीचाही हिशेब आहे. दर 300 मीटरला गेज साधारण एक इंच कमी दाखवतो. महाबळेश्वरला मोजून निवडलेली स्प्रिंग मुंबईत उतरल्यावर मऊ पडेल.

बसवणे

जागा इंटरकूलरनंतर, थ्रॉटलच्या जवळ. तिथली हवा थंड असते म्हणून ओ-रिंग टिकतात, आणि उलटणारी लाट तिथेच सुटते. पाइप अ‍ॅल्युमिनियमचा तर फ्लँजही अ‍ॅल्युमिनियमचीच, टिग वेल्डिंगने. वेल्डिंगच्या वेळी व्हॉल्व्ह आणि ओ-रिंग काढून ठेवा.

डोक्यावरची होज 4 ते 6 मिमी आतल्या व्यासाची, शक्य तितकी आखूड, थेट मॅनिफोल्डवरून आणि फक्त याच कामासाठी. तिच्यावर टी-जोड घालून बूस्ट गेज किंवा फ्युएल रेग्युलेटर जोडला की व्हॉल्व्ह उशिरा उघडतो. दोन्ही टोकांना क्लॅम्प हवाच. ही होज निसटली तर वर सांगितलेले ते 40 किलो व्हॉल्व्हला थेट उघडतात आणि गाडी बूस्टच धरत नाही.

गळती तपासताना

टर्बोच्या तोंडातून 1 ते 1.5 बार हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावा. इथे एक गंमत होते: थ्रॉटल बंद असेल तर मॅनिफोल्डमध्ये दाब पोचत नाही, व्हॉल्व्हच्या डोक्यावर काही नसते आणि चांगला व्हॉल्व्हही फुसफुसतो. थ्रॉटल उघडा धरून तपासा. कित्येक निर्दोष व्हॉल्व्ह याच कारणाने परत पाठवले जातात.

मग रस्त्यावर. पूर्ण बूस्टवर पाय काढताच एक स्वच्छ फुस्स यायला हवा. फडफड आली तर स्प्रिंग एक पायरी मऊ करा. कमी आरपीएमला, जेमतेम बूस्टवर पाय अर्धवट उचलल्यावर थोडी फडफड होतेच. तिच्यामागे लागून स्प्रिंग इतकी मऊ करू नका की आयडल हलू लागेल. पिस्टनचा व्हॉल्व्ह वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, उघडून पुसा आणि कंपनीने सांगितलेल्या ग्रीसचा अगदी पातळ थर द्या. जाड थराला धूळ चिकटते आणि पिस्टन पुन्हा अडकतो.