मधुमेह, रक्तदाब आणि हाडे : साठीनंतर स्त्रियांनी या चुका टाळा

मधुमेह असलेल्या वयस्कर बाईचे खुब्याचे हाड मोडले की ‘पाय घसरला’ एवढे म्हणून घरचे मोकळे होतात. मात्र त्या पडल्या कशामुळे आणि हाड इतक्या सहज का मोडले, याची चौकशी सहसा होत नाही.

टाइप २ मधुमेहात डेक्सा या खास एक्स-रे तपासणीत हाडांची घनता बऱ्याचदा चांगली, क्वचित सरासरीपेक्षा जास्तही दिसते, तरीही हाड मोडण्याचा धोका अधिकच असतो. वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेचा हाडातील कोलॅजेनवर, म्हणजे हाडाला लवचिकता देणाऱ्या प्रथिनावर, परिणाम होऊन हाड ठिसूळ होते, आणि घनतेच्या आकड्यात हा ठिसूळपणा उमटत नाही. त्यामुळे टी-स्कोअर, म्हणजे डेक्सातला घनतेचा आकडा, उणे २.५ या ऑस्टिओपोरोसिसच्या (हाडे विरळ होण्याच्या) सीमेपर्यंत घसरलेला नाही, एवढ्यावर निर्धास्त राहू नये. पूर्वी मोडलेले मनगट किंवा कमी झालेली उंची डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

सर्वांत महागात पडणारी चूक मला वाटते ती रक्तदाब केवळ बसूनच मोजण्याची. दीर्घकाळच्या मधुमेहात रक्तदाब सावरणाऱ्या नसा मंदावतात, त्यात बीपीच्या गोळ्यांची भर पडते, आणि रात्री लघवीसाठी झटकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. पाच मिनिटे आडवे पडून एकदा आणि उभे राहिल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा रक्तदाब मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर ती नोंद घेऊन डॉक्टरांकडे जावे. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. अंधारी आल्यावर साखरही तपासावी, कारण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी ती उतरूनही तोल जातो.

औषधांची चिठ्ठी हाडांच्या दृष्टीने कोणी वाचत नाही, हेही खटकते. मधुमेहावरील पायोग्लिटाझोन या गोळीमुळे स्त्रियांमध्ये फ्रॅक्चरचे प्रमाण वाढते, हे सिद्ध झालेले आहे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांपैकी फ्युरोसेमाइड लघवीवाटे कॅल्शियम बाहेर टाकते, तर थायझाइड ते राखते. पण थायझाइड चालू असताना कॅल्शियम आणि ६०,००० युनिटचे ड जीवनसत्त्व न विचारता महिनोन्‌महिने घेतल्यास रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीला जाऊ शकते. मेटफॉर्मिन अनेक वर्षे चालू असल्यास बी-१२ तपासून घ्यावे, कारण त्याच्या कमतरतेने पाय बधिर होतात.

लोणचे, पापड आणि सांडगी मिरची यांतले मीठ रक्तदाब वाढवते आणि लघवीतून जाणारे कॅल्शियमही वाढवते. दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत असावे.

शेवटची बाब पाठदुखीची. या वयात पाठीत अचानक कळ आली, तर ती मणका दबल्याचीही असू शकते. दुकानातून डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी आणून दिवस ढकलल्यास रक्तदाब चढतो, मूत्रपिंडावर ताण येतो आणि दबलेला मणका लक्षातच येत नाही. अशा वेळी आधी एक्स-रे काढून घ्यावा.